आखाजीला रंगवलेली हरळी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, घराची शोभा एकाच गोष्टीत दिसायची: दारात बांधलेली म्हैस. घर मातीचं असो की सिमेंटचं, त्यांना फरक पडत नसे. "दारम्हा जनावर नही ते घर कसानं?" असं ते येईल त्याला ऐकवायचे. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात हे कोणी खोडून काढायचा प्रश्नच नव्हता, कारण तिथं सगळ्यांच्याच दारात जनावरं होती. खोडून काढलं ते मी, त्यांच्या सुनेनं. आणि काढलं कशाच्या जोरावर? तर गवताच्या.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी गावीच काढली. हे धुळ्याला नोकरीला, खोली घेऊन राहायचे, रविवारी घरी यायचे. मी गोठ्यात. माझं माहेर पहूरकडचं, तिथंही शेती, तिथंही गुरं. शेणाची मला किळस नव्हती. पण माहेरी कामाला घरभर माणसं होती. सासरी सासूबाई लवकर गेलेल्या, त्यामुळे म्हशी तीन आणि हात माझे दोन. पहाटे उठले की शेणाची पाटी, मग धारा, मग गोवऱ्या, मग वैरण, संध्याकाळी पुन्हा तेच. हळदीकुंकवाला जायचं म्हटलं तरी आधी हातांचा वास घेऊन बघायचे. आरशात तोंड बघायची सवय सुटली होती, हाताचा वास घ्यायची लागली होती.

मग धुळ्यात आमचं घर झालं. नव्या कॉलनीत एकाला एक लागून, एकाच साच्यातली घरं. तीच पायरी, तीच खिडकी, तेच लोखंडी गेट. आलेला पाहुणा हमखास शेजारच्या घरात शिरायचा. पण पुढं मोकळं अंगण होतं, आणि त्या अंगणावर माझा डोळा होता. गावाहून सामान भरताना शेणाची पाटी मी मुद्दाम गोठ्यातच ठेवली. आबांनी ती उचलून टेम्पोत ठेवली. मी परत काढली. भांडण तिथंच सुरू झालं.

अंगणात काय करायचं ते मला यांच्या साहेबांच्या बंगल्यावर कळलं. तिथं हळदीकुंकू होतं, आणि बायकांना बसायला खुर्च्या टाकल्या होत्या थेट हिरवळीवर. मी चप्पल काढून हळूच पाय टेकवले. अगं बाई! काय तो गारवा! पायाला चिखल नाही, खडा नाही, शेण नाही. मी वाण घ्यायला उठलेच नाही, साहेबीणबाईंना माझ्यापर्यंत यावं लागलं. घरी येताना रिक्षातच यांना सांगून टाकलं, "आपल्या अंगणात हेच हवं."

"लॉन?" हे म्हणाले. "आपण काय साहेब आहोत?"

"साहेबांच्या गवताला वेगळी मुळं असतात का?" मी विचारलं. यांनी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं. वाद टाळायची त्यांची ती रीत होती.

गवत आणायला मी नर्सरीत गेले नाही. त्या बंगल्यावरचं गवत मी ओळखलं होतं. ती होती हरळी. आपण गणपतीला दूर्वा वाहतो ना, तीच. आणि हरळीला आमच्या गावात काय तोटा! कापसाच्या वावरात तिचाच सुळसुळाट. नांगरून, वखरून, खणून काढायची, बांधावर ढीग लावायचे, वाळले की पेटवायचे. पाऊस लागल्यावर मी गावी गेले, बांधावरच्या ढिगातून मुळ्यांचं पोतं भरलं आणि एस.टी.च्या टपावर टाकायला निघाले.

आबांनी पोत्यात हात घातला. "हाई काय शे?"

"हरळी आहे, आबा. अंगणात लावायची आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पोत्यात साप भरून नेतेय. "जनमभर हाई खनता खनता मनी कंबर गई," ते म्हणाले, "आनि तू हिले शहरम्हा लावाले लई जास?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. दुश्मनाला घरात पाट मांडून बसवणारी सून त्यांच्या नशिबी आली होती.

मी लावली. खडे वेचले, गावाकडची काळी माती घातली, मुळ्यांचे तुकडे ओळीनं खोचले. पावसानं साथ दिली. पोळ्यापर्यंत मधली माती झाकली गेली, दिवाळीला तर अंगण असं भरून आलं की रस्त्यानं जाणारा थबकायचा. पोस्टमन, दूधवाला, रिक्षावाले, सगळे "हिरव्या अंगणाचं घर" म्हणून आमचं घर सांगू लागले. पाहुणे चुकायचे थांबले. संध्याकाळी मी दाराशी पायरीवर बसायची, पाय गवतात, हातात चहाचा कप. मी खरंच सांगते, राणीला काय सुख असेल ते असो, माझ्याइतकं नसेल.

पण खान्देशचा उन्हाळा कोणाचं ऐकतो? होळी झाली आणि ऊन तापलं. नळाला पाणी येईना, आलं तर घागरभर. प्यायचं पाणी गवताला घालणार कोण? भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, पोरांच्या अंघोळीचं, जे मिळेल ते मी ओतत होते. तरी चैत्रात हरळीचा पार काथ्या झाला. तांबूस, कोरडी, पायाला टोचणारी. आणि नेमके तेव्हाच आबा आले.

गेटात उभं राहून त्यांनी अंगण पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. आम्ही धुळ्याला आल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. जेवताना त्यांनी निकाल सांगितला. गावाकडची एक म्हैस विणार होती. नातवंडांना घरचं दूध मिळायला हवं. अंगण तर रिकामंच पडलंय. "आखाजीले मी येसू," ते म्हणाले. "अंगन हिरवं दिखनं तर ऱ्हाऊ दे तुनं गवत. नही तर तठे म्हैस बांधसू."

मी यांच्याकडे पाहिलं. यांना एकदम वरणात काहीतरी सापडलं होतं, ते तेच शोधत बसले. आबांच्या शब्दापुढं घरात कोणी बोलत नसे. म्हैस आली म्हणजे ती एकटी येणार नव्हती. पाटी येणार, गोवऱ्या येणार, माश्या येणार, पहाटेचे चार वाजणार आणि माझे हात पुन्हा शेणात जाणार. म्हैस आली म्हणजे मी गेले, सरळ हिशेब. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "बरं आबा. आखाजीला या. हिरवं दिसेल."

म्हणायला काय जातं! आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, ऐन वैशाखात. त्या दिवसांत आमच्याकडे कडुनिंबाच्या सावलीशिवाय हिरवं काही नसतं. यांनी विचारलं, "कसं दिसेल हिरवं?" मी म्हटलं, "दिसेल. तुम्ही वरण खा."

युक्ती सुचली ती शेजारच्या ताईंच्या अंगणात. ताई शाळेत शिकवायच्या, सुट्टी लागली होती आणि त्या घराला रंग देत होत्या. रंगारी चुन्यात डिंकाचं पाणी घालत होता. डिंक घातला की वाळल्यावर रंग पाठीला लागत नाही, हे आम्हा गावच्या बायकांना माहीत असतंच. दिवाळीला भिंती आम्हीच तर पोतारतो. भिंत रंगवता येते, बैल रंगवता येतो, मग गवतानं काय घोडं मारलंय?

रंगाच्या दुकानात मी हिरवी पूड मागितली. दुकानदार म्हणाला, "खिडकीला की भिंतीला?"

"गवताला."

त्यानं पुडी बांधता बांधता माझ्याकडे दोनदा पाहिलं. पण पुडी दिली.

पहिला प्रयोग मोरीमागच्या कोपऱ्यात केला आणि डोक्याला हात लावला. तो काही गवताचा हिरवा नव्हता, तो बांगडीचा हिरवा होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी नवीन लुगडं वाळत घातलंय. ताई कुंपणावरून बघून हसत सुटल्या. "अहो वहिनी, हे बघून म्हैससुद्धा पळून जाईल!"

"मग तर बरंच आहे," मी म्हटलं, आणि मग मलाही हसू आवरेना.

त्यात पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीची पूड, मिसळली. थोडी, मग आणखी थोडी. शेवटी चिमूटभर काजळीही घातली, तेव्हा कुठं श्रावणातल्या गवतासारखा रंग उतरला. आता तो द्यायचा कसा? झारीनं दिला तर थारोळी साचतात, कुंच्यानं दिला तर गवत मोडतं. ताईंनी त्यांचा डासांवर औषध मारायचा हातपंप आणून दिला. त्यातून असा बारीक फवारा उडायचा की काडीन् काडी रंगायची. डिंक पाण्यात सुटतो, ते मला ठाऊक होतं. पण वैशाखात धुळ्याला आभाळातून पाणी कशाला पडतंय?

आखाजीच्या आदल्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघी बसलो. ती वेळच योग्य. त्या उन्हात आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, सगळी कॉलनी दारं लावून झोपलेली. मी पुढून, ताई मागून, पाटावर बसून सरकत सरकत. घामानं पाठ भिजली, बोटं हिरवी झाली, पंप दाबून मनगटं दुखून आली. ताई म्हणाल्या, "शाळेत चित्रकलेचा तास मी घेत नाही, म्हणून देवानं हा दिला." उन्हं कलली तेव्हा मी गेटाबाहेर जाऊन उभी राहिले. आणि काय सांगू! सगळ्या तपकिरी, धुळकट कॉलनीत एकच अंगण हिरवंगार. डोळे निवले माझे. हे कामावरून आले, शेजारच्या गेटात शिरले, बाहेर आले, पुन्हा अंगण पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे आपलंच का?" त्यांना बाजूनं, भिंतीकडून आत घेतलं. गवतावर पाय ठेवायला पोरांनाही बंदी होती.

आखाजीला आबा पहिल्या बसनं आले. नव्या घरातली पहिली आखाजी, पितरांची घागर धुळ्यातच पुजायची असं त्यांनी ठरवलं होतं. मी पुरण वाटत होते. गेट वाजलं म्हणून पदर सावरत बाहेर आले. आबा गेटातच उभे होते, पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि खांद्यावर बाभळीचा खुंटा नि दोराचं वेटोळं. म्हैस दुसऱ्या दिवशी यायची होती, खुंटा आधी आला होता. इतकी त्यांना खात्री!

पण ते आत येत नव्हते. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत अंगण बघत होते. शेवटी म्हणाले, "बठ्ठं हिरवं शे!"

"आहे ना आबा?"

"शे," ते म्हणाले. मोठ्या आवाजात म्हणाले. ताईंनी खिडकीतून ऐकलं, यांनी दारातून ऐकलं. मी जिंकले होते. आनंदानं मला काही सुचेना. सासरे उन्हातून आलेत, हसतमुखानं उभे आहेत, मग लहानपणापासून अंगात मुरलेलं तेच मी केलं. धावत आत गेले, तांब्या भरला आणि त्यांच्या हातात पाय धुवायला पाणी दिलं.

तांब्या त्यांच्या हातात गेला त्याच क्षणी मला कळलं. पण सासऱ्याच्या हातातून पाणी परत कसं घेणार? आबा शेतकरी माणूस, पाण्याचा थेंब फरशीवर वाया घालवतील कसे? दोन पावलं पुढं झाले आणि बरोबर गवतात उभं राहून त्यांनी पाय धुतले. चांगले चोळून धुतले. उरलेलं पाणी हरळीला घातलं, दयेनं.

हिरवं पाणी त्यांच्या बोटांमधून वाहू लागलं. टाचा हिरव्या. धोतराचा काठ हिरवा. आणि पावलांभोवती परातीएवढा गोल, तांबूस काथ्याचा.

"मना पाय हिरवा कसा व्हयनात?" आबांनी विचारलं. अगदी साधं विचारलं, एखाद्या पोरासारखं. यांनी दार लोटून घेतलं. माझा नवरा भला माणूस, पण लढाईचा नाही.

आबांनी वाकून एक काडी उपटली, बोटांत चुरगाळली, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. माझी पाचावर धारण बसली होती, पण तीन म्हशी आणि दोन हात आठवले आणि तोंड आपोआप सुटलं. सासऱ्यापुढं आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ.

"रंग दिलाय आबा! हो, दिलाय! पोळ्याला तुम्ही बैलाची शिंगं रंगवता, अंगावर ठसे उठवता. तेव्हा बैल खोटा होतो का?"

आबांनी हातातली काडी खाली टाकली. मला वाटलं, बसला घाव. पण म्हातारा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "बैल जिता ऱ्हास," ते शांतपणे म्हणाले. "तुनं गवत मरेल शे. मरेलले कोन रंगाडस?"

त्यांनी खांद्यावरचा खुंटा उतरवला, कुंपणाजवळचा दगड घेतला आणि त्या उघड्या पडलेल्या गोलातच ठोकायला लागले. एकेक घाव माझ्या छातीत बसत होता. माझं अंगण, माझा चहाचा कप, माझे पाय, सगळं त्या खुंट्याखाली जात होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. एवढ्यात खुंटा कशाला तरी अडला, खाली मुरूम होता. आबांनी जागा बदलायला म्हणून हिसका देऊन तो उपसला, आणि त्याच्या टोकाबरोबर मातीचं एक ढेकूळ वर आलं.

ओलं होतं. माझं भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी सगळं खाली मुरलं होतं. त्या ढेकळात पांढरीशुभ्र मुळी होती आणि मुळीला नखाएवढा कोंब. हिरवा. त्याला मी रंग दिला नव्हता.

मी झडप घालून ढेकूळ उचललं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे, आबा? जितं की मेलेलं?"

आबांनी पाहिलं.

"तुम्ही हिला नांगरलंत, खणलंत, जाळलंत. एवढ्या वर्षांत मेली का ही? तुमच्या हातानं मेली नाही, ती माझ्या हातून पाण्यावाचून मरेल? मी वावरातलं सगळ्यात चिवट ते उचलून आणलं, आबा. वरचा रंग माझा आहे. खालचा जीव तिचा आहे."

आबांनी कोंबाला अंगठा लावून पाहिला. मग त्यांच्या मिश्या हलल्या. आधी मला वाटलं राग आला. पण ते हसत होते. खांदे हलवून, आवाज न करता, हिरव्या पायांवर उभे राहून हसत होते. "हाई रांड मरत नही," हरळीला त्यांनी जुनी, ओळखीची शिवी हासडली. मग माझ्याकडे बोट करून दाराआडच्या यांना ओरडून सांगितलं, "तुनी बायकोबी नही!"

खिडकीत ताईंनी टाळी वाजवली. म्हैस गावीच राहिली. घागर पुजली, आबांनी खापरावरचे मांडे आमरसाबरोबर पोटभर खाल्ले, आणि त्यांच्या हिरव्या टाचा पाटावर बसल्या बसल्या सगळ्यांना दिसत होत्या. खुंटा न्यायचं ते विसरले. मी तो गेटापाशी रोवला आणि त्याला पाण्याची नळी गुंडाळून ठेवली. पाऊस लागला तशी हरळी खुंट्यापर्यंत चढली.

पुढच्या वर्षी आखाजीच्या सकाळी गेट जोरात वाजलं. अंगण पुन्हा तांबूस झालं होतं. आता मला कशाची भीती, म्हणून मी रंगाच्या भानगडीत पडलेच नव्हते. आबा घामाघूम, टोपी हातात. खांद्यावर काही नाही. अंगण बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"व पोरी, रंग कोठे शे? पंप कोठे शे?"

"कशाला आबा?"

गावातले त्यांचे दोघं भाऊबंद मागच्या बसनं येत होते. वर्षभर आबांनी गावात सांगितलं होतं म्हणे, की ऐन आखाजीला सगळ्या धुळ्यात हिरवं अंगण फक्त माझ्या सुनेच्या दारात असतं, विश्वास नसेल तर चला दाखवतो. आता ते दोघं बघायला निघाले होते. मी ताईंना हाक मारली, पूड काढली, डिंक कालवला. आबांनी धोतराचा सोगा खोचला, पाटावर बसले आणि पंप माझ्या हातातून काढून घेतला. कापसावर औषध मारत असत तसाच फवारा मारला, एक ओळ सोडली नाही की एक काडी. शेवटचा कोपरा वाळत होता तोच कोपऱ्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आबा लगबगीनं उठले, हात पाठीमागे लपवले आणि माझ्या कानाशी येऊन दटावणीच्या सुरात म्हणाले,

"आनि देख, त्यासले पाय धोवाले पानी देजो नको!"